कुत्री, मांजर आणि येणारं बाळ: नाशिकात भाड्याचं घर शोधताना

नागपूरहून एका ताईंनी विचारलंय. मिस्टरांना नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी लागली आहे, शिफ्टची ड्यूटी आहे. ताईंना पाचवा महिना चालू आहे. घरात भुरी नावाची चार वर्षांची देशी कुत्री आणि एक मांजर. नाशिकात घरासाठी फोन केले की "कुत्री आहे" म्हटल्याबरोबर मालक "कळवतो" म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. सासर-माहेर दोन्हीकडून सल्ला एकच: बाळ येतंय, आता जनावरं कुणाला तरी देऊन टाका. मग घर कसं मिळवायचं, आणि निदान मांजरीचं तरी मालकाला न सांगता चालेल का?

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही चालणार. कुत्रीचं सांगा, मांजरीचं सांगा आणि बाळाचंही सांगा. मी बरीच वर्षं नाशिकात भाड्याच्या घरांचंच काम करते. लपवून घर मिळतं, ते टिकत नाही. मांजर खिडकीत बसलेली शेजारणीला दिसायला आठवडा लागत नाही. मग मालकाचा फोन येतो, आणि तो नेमका कधी येईल ते आपल्या हातात नसतं. तुमच्या बाबतीत तो बाळंतपणाच्या आगेमागे आला, तर ओल्या बाळंतिणीने सामान बांधायचं का? ती वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

घर बघायला लागण्याआधी कराराची मुदत ठरवा. आपल्याकडे सवयीने अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. आता तुमचं गणित मांडा. पुढच्या महिन्यात घर घेतलं, तर तिथे तीन-साडेतीन महिने झाले की बाळ येईल. अकरा महिने संपतील तेव्हा बाळ सात-आठ महिन्यांचं, नुकतं रांगायला लागलेलं असेल. घर बदलायला याहून वाईट काळ नाही. म्हणून पहिल्याच भेटीत बावीस किंवा तेहेतीस महिन्यांचा करार मागा. दरवर्षी ठरलेली भाडेवाढ त्यातच लिहा, म्हणजे मालकाचंही नुकसान नाही. नोंदणीचा खर्च वाढेल म्हणून बरेच लोक घाबरतात, पण तो किरकोळ असतो. समजा भाडं पंधरा हजार, डिपॉझिट पंचेचाळीस हजार आणि मुदत बावीस महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर ०.२५ टक्के लागतं, म्हणजे साधारण साडेआठशे रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार. करार करून देणाऱ्याची फी आणि किरकोळ शुल्क वेगळं. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. ती टाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून "होऊन जाईल" म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकू नका.

आता मालकांविषयी. 'पाळीव प्राणी चालतील' असं जाहिरातीत लिहिलेली घरं नाशिकात फार थोडी. तेवढीच शोधत बसलात तर सातवा महिना उजाडेल. मी उलट्या बाजूने जाते. जे मालक 'नाही' म्हणतात, त्यातले निम्मे तरी न विचार करता म्हणतात, कारण फोनवर 'नाही' म्हणणं सोपं असतं. ज्यांनी स्वतः कधी कुत्रं पाळलंय ते वळतात. जे स्वतः पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आहेत आणि ज्यांना तीन वर्षं घर सांभाळणारं नीट कुटुंब हवंय, तेही वळतात. बाळ येणार असलेलं जोडपं म्हणजे वर्षा-दोन वर्षांत कुठे न जाणारं जोडपं, हे अशा मालकाला पटकन समजतं. बाळ ही तुमची अडचण नाही, ती तुमची जमेची बाजू आहे, तशीच मांडा. वरच्या मजल्यावर मालक आणि खाली भाडेकरू अशी घरं मात्र जपून घ्या. मालकीण मायेची असेल तर त्यासारखं सुख नाही, पण रोजच्या रोज तुमच्या दारावर नजर राहते.

फोनवर पाळीव प्राण्यांचा विषय काढून गप्प बसू नका. एक मेसेज तयार ठेवा: आपण दोघं कोण, नोकरी कुठे, बाळ कधी, किती महिन्यांचा करार हवा, आणि मग प्राण्यांचं. "आमच्याकडे चार वर्षांची कुत्री आणि एक मांजर आहे. दोघींचीही नसबंदी आणि लसीकरण झालेलं आहे, कागद दाखवतो. सध्याच्या घरमालकांचा नंबर देतो, त्यांना विचारा. तुम्ही एकदा कुत्रीला भेटा, मग ठरवा." सोबत भुरी घरात शांत बसलेली असा एक फोटो. नसबंदी झाली नसेल तर स्थलांतराआधी पशुवैद्यांशी बोला. त्यांचं साधं पत्र, लेटरहेडवर दोन ओळी, मालकावर फार परिणाम करतं. नागपूरच्या मालकांकडूनही दोन ओळी लिहून घ्या.

भेटीत मालकाला एकच गोष्ट विचारा: नेमकी अडचण कशाची वाटते? इंदिरानगरात एका काकूंचं रो-हाऊस आहे. कुत्रं नको म्हणजे नको, असा त्यांचा हट्ट होता. भाडेकरू जोडपं समोर बसलेलं, काकूंनी चहा केलेला, पण उत्तर तेच. मी विचारलं, "काकू, आधी काही झालं होतं का?" मग त्या म्हणाल्या, "आधीच्या भाडेकरूचं कुत्रं रोज माझ्या तुळशीवृंदावनाशी घाण करायचं. मी सकाळी पूजेला आले की तेच बघायचं." त्या मुलाने लगेच सांगितलं, "काकू, पुढच्या अंगणात तो येणारच नाही. मी मागच्या दाराने नेईन, मागच्याच दाराने आणीन." काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून आत गेल्या आणि मागच्या दाराची किल्ली घेऊन आल्या. त्यांचा कुत्र्याला विरोध नव्हताच, तुळशीचा प्रश्न होता. कुणाला नव्या रंगाची काळजी असते, कुणाला सागवानी दाराची, कुणाला शेजाऱ्याशी भांडण होईल याची. एकदा ती कळली की तिच्यावर उत्तर देता येतं.

पैशाचं म्हणाल तर जास्त भाडं कबूल करू नका, जास्त डिपॉझिट द्या. नाशिकात साधारण दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट चालतं, तुम्ही अजून एका महिन्याचं द्यायची तयारी दाखवा. ते परत मिळतं, वाढीव भाडं मिळत नाही. ताबा घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: दारांचे खालचे कोपरे, खिडक्यांच्या जाळ्या, भिंतीचा तळाचा पट्टा. मालकाला त्याच दिवशी पाठवा. फर्निश्ड घर घेऊच नका. दुसऱ्याच्या सोफ्यावर मांजरीने नखं काढली की हिशेब कुठच्या कुठे जातो.

आणि मुख्य गोष्ट, करारात लिहून घ्या. एजंटाकडे छापील मसुदा असतो, कधी त्यातच 'पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत' अशी ओळ दडलेली असते. अंगठा देण्याआधी मसुदा मोबाइलवर मागवून शांतपणे वाचा. ती ओळ काढायला लावा आणि त्या जागी असं काही घाला (यात लायसन्सर म्हणजे मालक, लायसन्सी म्हणजे तुम्ही): "लायसन्सी यांच्याकडे एक कुत्री व एक मांजर असून त्याची लायसन्सर यांना पूर्ण कल्पना आहे व त्यास त्यांची संमती आहे. सदर प्राण्यांमुळे दारे, जाळ्या, रंग अथवा फिटिंगचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च पावतीप्रमाणे लायसन्सी देतील. केवळ पाळीव प्राणी आहेत या कारणावरून करार मुदतीपूर्वी संपुष्टात आणता येणार नाही." नोटीस एक महिन्याऐवजी दोन महिन्यांची मागा. राहणाऱ्यांच्या यादीत दोघांचे आई-वडील आणि जन्माला येणारं बाळ असा स्पष्ट उल्लेख करा. बाळंतपणाला आई किंवा सासूबाई दोन-तीन महिने येऊन राहणारच, आणि "तुम्ही दोघंच म्हणाला होतात" हा वाद मी पुष्कळदा ऐकलाय.

सोसायटीचं वेगळं. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २६ फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, की त्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत. त्याच सूचना पाळणाऱ्यालाही सांगतात की सार्वजनिक जागेत कुत्रं दोरीला असावं आणि त्याने केलेली घाण आपण उचलावी. पण हे संरक्षण सोसायटीपुरतं समजा. स्वतःचा फ्लॅट कुत्रं असलेल्याला द्यायचा की नाही, हे मालक ठरवतो, तिथे सूचना दाखवून उपयोग नाही. आणि सोसायटीतही पहिल्याच दिवशी सेक्रेटरीच्या हातात कागद देऊ नका. भांडून मिळवलेल्या जागेत बाळ वाढवणं नकोसं होतं. घर बघायला जाल तेव्हा वॉचमनला विचारा, "या बिल्डिंगमध्ये कुणाकडे कुत्रं आहे का?" असेल तर निम्मं काम झालं. त्या कुत्र्याच्या मालकाला गाठा, सोसायटीची खरी परिस्थिती त्याच्याइतकी कुणी सांगणार नाही. महापालिकेचा श्वान परवाना काढून ठेवा. तो आणि लसीकरणाचं कार्ड यांची प्रत सेक्रेटरीला आपणहून दिली की अर्धा विरोध मावळतो.

भाग कुठला? अंबडला ड्यूटी म्हणजे पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गोविंदनगर, कामटवाडे, सिडको हा पट्टा सोयीचा. रात्रपाळीहून येणारा माणूस दहा-पंधरा मिनिटांत घरी पोचला पाहिजे, तुमच्या दिवसांत हे फार महत्त्वाचं आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर भाड्याला चढे, आणि 'फक्त शाकाहारी' ही अट मला तिकडे जास्त ऐकू येते. भुरीसाठी चिकन शिजत असेल तर ते तिथे आधीच सांगा. पंचवटीत, विशेषतः रामकुंड-तपोवनाच्या बाजूला, मी तुम्हाला घर दाखवणार नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत तान्ह्या बाळाला घेऊन दवाखान्यात जायचं म्हणजे रस्ता मिळेपर्यंत जीव टांगणीला. गोदावरी किंवा नासर्डीच्या काठचा तळमजलाही नको. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर नाशिककर विसरलेले नाहीत.

मळ्यातल्या बंगल्यांचा मोह अनेकांना होतो. मखमलाबाद, म्हसरूळ, गंगापूर गावाकडचा भाग, देवळालीच्या पलीकडे दारणाकाठ. भाडं बेताचं, अंगण मोठं, कुत्रीला मोकळं रान. पण हा बिबट्यांचा पट्टा आहे. उसात ते राहतात आणि कुत्रं हे त्यांचं सोपं भक्ष्य. बातम्या येतच असतात. कुत्री रात्री कडीकोयंड्यात घरात झोपणार असेल तरच तो विचार करा. मिस्टर रात्रपाळीला आणि तुम्ही गरोदरपणात तिथे एकट्या, हे मला तरी पटत नाही.

रो-हाऊस की फ्लॅट, यावर थोडं थांबून बोलायला हवं. नाशिकात रो-हाऊस भरपूर आहेत आणि कुत्रं असलेल्यांना सगळे तेच सुचवतात. सोसायटीची कटकट नाही, लिफ्ट नाही, पुढे-मागे चार फूट जागा. पण रचना बघा: खाली हॉल आणि किचन, वर बेडरूम. आठव्या-नवव्या महिन्यात दिवसातून किती वेळा तो जिना चढणार? सिझेरियन झालं तर? पुढे बाळ रांगायला लागलं की तोच जिना आणि त्यावरून धावत उतरणारी भुरी. म्हणून रो-हाऊस घ्यायचंच तर खाली एक झोपायची खोली आणि संडास-बाथरूम असलेलं घ्या. सिडकोतल्या जुन्या घरांवर चढवलेले मजले तर मी गरोदर बाईला दाखवतच नाही, जिने फार उभे असतात. माझी पहिली पसंती लिफ्ट असलेल्या, दहा-बारा फ्लॅटच्या इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या टू-बीएचकेला. सेक्रेटरी ओळखीचा होतो आणि कुत्री लवकर खाली नेता येते.

फ्लॅटमध्ये शिरलात की मी सांगते तिथे उभ्या राहून बघा. बाळाच्या खोलीच्या दारात उभ्या राहा आणि मुख्य दाराकडे पाहा. मध्ये बंद होणारं एक तरी दार हवं. कुत्री घरात येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणार, गॅसवाला, कुरियरवाला, मालिशवाली बाई. बेडरूमचं दार हॉलमध्येच उघडत असेल तर दर भुंकण्याला बाळ उठेल. मुख्य दाराला बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर उत्तम, भुरी पटकन बाहेर सटकत नाही. मग ड्राय बाल्कनी, म्हणजे किचनला लागून धुण्या-भांड्यांसाठी असते ती, बघा. मांजरीचा लिटर ट्रे तिथे ठेवायचा, किचनमध्ये किंवा बाळाच्या खोलीत नाही. बाल्कनीला कबुतरांसाठी बसवतात ती नायलॉनची जाळी लागते. हुकांसाठी भिंतीला भोकं पाडायची परवानगी मालकाकडून मेसेजवर घ्या. फरशी बघा. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पावसाळ्यात कुत्रीचे ओले पाय आणि तुमचा आठवा महिना हे जमणारं नाही. जुन्या इमारतीतली मोझॅकची फरशी दिसायला साधी, पण पाय घसरत नाही. पाण्याची वेळ आणि उन्हाळ्यातली टँकरची पाळी शेजारच्या बाईला विचारा, एजंटाला नको. बाळाचे लंगोट आणि कुत्रीची अंघोळ, पाणी लागणारच.

शेजाऱ्यांच्या तक्रारींपैकी बहुतेक कुत्रं एकटं असताना भुंकतं यावरून येतात. पहिलं बाळंतपण माहेरी करणार असाल तर याचा आधी विचार करा. तुम्ही नागपूरला, मिस्टर बारा-बारा तास बाहेर आणि भुरी अनोळखी घरात कोंडलेली. ती भुंकणार, रडणार, दार खरवडणार, आणि महिन्याभरात सेक्रेटरीचा फोन येणार. तसं असेल तर भुरी तुमच्याबरोबर माहेरी राहू दे, बाळाला तिथेच ओळखू दे, नंतर सगळे एकत्र या. नाशिकातच बाळंत होणार असाल तर निदान दीड-दोन महिने आधी या, म्हणजे नवं घर तिच्या अंगवळणी पडल्यावर बाळ येईल. घर आणि बाळ दोन्ही एकदम नवं करू नका. दुपारी येऊन तिला खाली नेणारं माणूस पहिल्या आठवड्यातच शोधा.

'जनावरं देऊन टाका' याचं उत्तर घरच्यांना शांतपणे द्या. मांजरीमुळे टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा संसर्ग, होतो ही भीती पूर्ण खोटी नाही, पण अर्धवट आहे. मांजरीच्या शीमधून बाहेर पडलेले ते जंतू संसर्ग करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ व्हायला हवा, आणि तो तुम्ही नाही, मिस्टरांनी करायचा. मांजर घरातच राहणारी, शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणारी असेल तर धोका फार कमी. कच्चं-अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांच्याकडे जास्त लक्ष द्या. तुमच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा, तपासणी हवी की नको ते ठरवतील. भुरीचं रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी वेळेवर, जंताचं औषध आणि गोचिडांचं औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने. आणि कितीही गुणी कुत्री असो, बाळ आणि ती खोलीत एकटी कधीही नकोत. हे सगळं पाळणारं घर प्राणी ठेवू शकतं. चार वर्षं घरात वाढलेल्या जिवाला बाळाच्या नावाने बाहेर काढू नका, असं मी तुम्हाला मनापासून सांगते.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेने कुत्री न्यायची तर एसी फर्स्टमध्ये पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते, नाहीतर ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, जाते. लसीकरणाचं कार्ड आणि पशुवैद्यांचं प्रमाणपत्र जवळ हवं. मला विचाराल तर मिस्टरांनी भुरी आणि मांजरीला घेऊन समृद्धी महामार्गाने गाडीने यावं, रात्री निघून, आणि तुम्ही डॉक्टरांना विचारून रेल्वेने आरामात. सामानाचा ट्रक आणि प्राणी एकाच दिवशी आणू नका. दारं सताड उघडी असताना मांजर हमखास पळते.

एवढं करून सहावा महिना संपेपर्यंत मनासारखं घर नाही मिळालं, तर मिळेल त्या घरात अकरा महिन्यांसाठी घाईने शिरू नका. मिस्टरांनी कंपनीजवळ एक खोली घ्यावी आणि रजेच्या दिवशी घरं बघावीत. तुम्ही, भुरी आणि मांजर नागपूरलाच थांबा, बाळंतपण तिथे होऊ द्या. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सगळे मिळून या. तेव्हाही मालकाला मेसेज हाच पाठवायचा, फक्त त्यात बाळाचं नाव घालून.